मारबतीचा आवाज : पॉडकास्टच्या कामाच्या नोंदी

२५ मे २०२४, शनिवार

आजपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, आणि आजच पहिली चाचणी केली.

काम असं आहे. मारबत म्हणजे ईडापिडा घेऊन जावी म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने काढतात तो मोठा पुतळा. मारबत बनवणाऱ्या, ओढणाऱ्या, लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्या माणसांच्या तोंडून सहा भागांची मालिका करायची. प्रत्येक भाग वीस-पंचवीस मिनिटांचा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. दरवर्षी फोटो हजारोंनी निघतात. माणसं काय बोलतात, कशी बोलतात, ते मात्र हवेत विरून जातं. पोळ्याचा दुसरा दिवस यंदा ३ सप्टेंबरला येतो. हातात शंभरेक दिवस आहेत.

आम्ही तिघं. मी, आकाशवाणीवर निवेदनाचा अनुभव असलेली माझी मैत्रीण, आणि तांत्रिक बाजू सांभाळणारा भाचा. सामान : दोन डायनॅमिक माइक, हातात मावणारा रेकॉर्डर, एक कॉलर माइक, वायरचा हेडफोन. वायरचाच हवा. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो आणि बारीक खरखर लपून जाते.

मैत्रिणीने पाच मिनिटं वाचलं. आम्हाला हेडफोनवर छान वाटलं. फाइल आईच्या फोनवर टाकली. आई पोळ्या करत होती, फोन डब्यांच्या फळीवर, शेजारी कुकर. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "काय बोलून राह्यली ते समजूनच नाही राह्यलं. मागे कूलर चालू होता काय?"

होता. बाहेरच्या खोलीत. दार लावलेलं होतं म्हणून आम्ही तो सोडून दिला होता.

आपला श्रोता हाच, हे आज ठरलं. हात पिठात, फोन फळीवर, कुकर गॅसवर. कोणताही भाग ओट्यापाशी ऐकल्याशिवाय पुढे जाणार नाही.

२८ मे

पहाटे पाचला रेकॉर्डिंग केलं. नागपुरात या दिवसांत कूलर बंद करून माणसाला बोलतं ठेवायचं तर एवढीच वेळ आहे. साडेसहानंतर भिंती तापायला लागतात, दुधवाले, घंटागाडी, पाण्याची मोटर सुरू होते.

कूलरचा आवाज एकच नसतो, हे आज हेडफोन लावून नीट ऐकलं. पंख्याचा घुमारा खालच्या पट्टीत, त्यात मोटरची गुणगुण (आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण ५०, १००, १५० अशी चढत जाते), आणि सगळ्यावर ताट्यांवरून झिरपणाऱ्या पाण्याची सरसर. घुमारा कापता येतो. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं उडवलं तरी बोलण्याचं फारसं बिघडत नाही. सरसर मात्र नेमकी स, श, च यांच्या जागेवर बसते. ती काढायला गेलं की शब्दांची टोकं बोथट होतात. म्हणून कूलर बंदच, शेजारच्या खोलीतलासुद्धा. फ्रिजचं बटणही बंद केलं, आणि भाच्याने बाईकची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे परत सुरू करायचं विसरून घराबाहेर पडता येणार नाही.

खोलीसाठी काही विकत घेतलं नाही. दोन गाद्या भिंतीला उभ्या टेकवल्या, समोर खाटेवर रजया टाकल्या, कपाटाची दारं उघडी ठेवली. टाळी वाजवून बघितली. आधी टाळीला शेपूट होती, आता टाळी जागच्या जागी थांबते.

२ जून

अडलो ते आवाज साफ करण्याच्या नादात. पहिल्या चाचणीतली कूलरची फाइल ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून नॉइज रिडक्शन लावलं. पद्धत सोपी : कोणी बोलत नाही असा तुकडा निवडून गोंगाटाचा नमुना घ्यायचा, मग सगळी फाइल निवडून तोच परिणाम लावायचा. भाच्याने १२ डेसिबलवरून २४ वर नेलं. गोंगाट गेला आणि मैत्रीण विहिरीत उतरून बोलतेय असं झालं. ओट्यापाशी तर मूळ फाइलपेक्षा वाईट. आई म्हणाली, "हे तर अजूनच पुसट झालं."

आता नियम : ६ ते ८ डेसिबल, त्याहून जास्त नाही. तेवढ्याने भागत नसेल तर पुन्हा रेकॉर्ड करायचं. आणि प्रत्येक ठिकाणी बोलणं संपल्यावर सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं. त्या खोलीची रिकामी शांतता हवीच : नमुना घ्यायलाही, आणि कापाकापीनंतर सांधे भरायलाही. सांध्यात पूर्ण शून्य ठेवलं तर कानाला खड्डा लागतो.

माइकचं अंतर पक्कं केलं. तोंडापासून चार बोटं ते एक वीत, यापलीकडे नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो. खरी मेख ती. दोघं बोलत असतील तर माणसापासून माइक जेवढा लांब, त्याच्या तिप्पट तरी अंतर दोन माइकांत. माइक तोंडासमोर नाही, ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरपा. आपल्या भाषेत फ, ब आणि भ यांची हवा जोरात येते, आणि मारबतीच्या बोलण्यात तर बडग्याशिवाय (मारबतीबरोबर निघणारा पुतळा) वाक्य पुढे सरकत नाही. चाचणीसाठी वाक्य केलं : "फुटाळ्यावर भर पावसात भाऊने भुट्टे भाजले." हे धपधप न होता गेलं की माइकची जागा बरोबर.

९ जून

काकाजींची पहिली बैठक. वय शहात्तर. बांबूच्या कमच्या काढून सांगाडा बांधणारे. घर बुधवारी या वस्तीच्या बाजूला, दोन खोल्या, वर टिन.

आधी काहीच रेकॉर्ड केलं नाही. चहा झाला, हेडफोन त्यांच्या कानाला लावून त्यांचाच आवाज ऐकवला. मग परवानगी विचारली आणि ती रेकॉर्डवरच घेतली : कशासाठी, कुठे ऐकवणार, नको असेल तो भाग सांगा, काढून टाकू. त्यांनी लगेच सांगितलं, "भावकीचं भांडन नको घेजा." नाही घेणार.

आवाज मऊ आहे, वाक्याच्या शेवटी तर जवळजवळ नाहीसा होतो. अशा माणसाला "जोरात बोला" म्हटलं की तो भाषण देतो, आणि बोलणं गेलं. म्हणून टेबलावरचा माइक बाजूला ठेवून कॉलर माइक लावला, छातीच्या हाडावर, हनुवटीच्या एक वीत खाली. बंडीला खिसा होता, त्यात विड्यांचं बंडल. ते घासलं की करकर. बंडल काढायला लावलं. वायरची एक गाठ कापडाच्या आत चिकटपट्टीने बांधली, म्हणजे ओढ थेट माइकवर येत नाही. पातळी अशी ठेवली की एरवीचं बोलणं उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि हसले तरी उणे ६ च्या वर नाही. डिजिटलमध्ये शून्याच्या वर जागाच नसते. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

प्रश्न विचारताना माझं चुकत होतं. मी मध्येमध्ये "हो का, अच्छा, बरोबर" करत होते. समोरासमोर ती आपुलकी असते, पण संपादनात माझा प्रत्येक "अच्छा" त्यांच्या शब्दावर चढलेला असतो. मैत्रिणीने चिठ्ठी सरकवली : मान हलव. मग नुसती मान हलवत राहिले. आणि उत्तर संपलं असं वाटल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकला नाही. मनात पाच आकडे मोजले. चौथ्या आकड्याला काकाजी म्हणाले, "मी लहान होतो तं बाप मले खांद्यावर बसवून न्यायचा. मले मारबत नाही दिसे, बापाचं टकलंच दिसे." हे मी विचारलंच नव्हतं.

निघताना त्यांना बांबू फाडायला सांगितला आणि माइक हातापासून दीड वितीवर धरला. कोयता बसतो तेव्हा एक कोरडा टक्, मग रेषा धावत जाते तसा चर्रर, आणि शेवटी दोन्ही फाका सुटताना एकदम पोकळ आवाज. तीनदा घेतलं. हा आवाज मालिकेची सुरुवात होणार.

११ जून

वाईट दिवस. काकाजींच्या बैठकीतला दुसरा भाग, चाळीस मिनिटं, गेला. कार्डावरून लॅपटॉपवर घेतलं असं समजून मी कार्ड पुसलं. सरकवताना मधेच केबल निघाली होती. चूक माझी. काकाजींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा येजा, मी कुठं चाललो." पण तेच बोलणं पुन्हा येत नाही.

आजपासून : तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर. फाइलच्या नावात आधी तारीख, मग माणूस, मग क्रमांक. प्रत उघडून शेवटचं मिनिट ऐकल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकची वेव्ह फाइल तासाला सुमारे ५२० एमबी होते, म्हणजे जागेची सबब चालत नाही. मोठ्या बैठकीत भाच्याचा फोनही जवळ पडून रेकॉर्ड करत राहील.

२४ जून

गुगल पॉडकास्ट हे अॅप अमेरिकेत एप्रिलमध्ये बंद झालं होतं, बाकी जगात या महिन्यात. यावरून आमच्यात मोठी चर्चा झाली. भाच्याचं म्हणणं, थेट यूट्यूबवर टाकू, बाकी कशाला. मी म्हटलं, यूट्यूबवर टाकूच, पण मूळ आपलं आरएसएस फीड असू दे. फीड म्हणजे एक साधी मजकुराची फाइल : भागांची नावं, वर्णनं, आणि प्रत्येक ध्वनिफाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता. अॅप ती फाइल वाचतं, एवढंच. पॉडकास्टिंग हा शब्द छापून आला तो फेब्रुवारी २००४ मध्ये, गार्डियनमधल्या बेन हॅमर्सली यांच्या लेखात. जून २००५ मध्ये अॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. तेव्हापासून अॅपं आली आणि गेली. फीड तेच आहे.

मैत्रिणीचा अनुभव यात उपयोगी पडला. तिची जुनी मालिका एका मोफत सेवेवर होती, ती सेवा बंद पडली आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवायची सोय मिळाली नाही. श्रोते तिथेच राहिले. म्हणून होस्टिंग, म्हणजे फाइली ठेवायची सेवा, निवडताना तीनच प्रश्न विचारले : फीडचा पत्ता कायमचा वळवता येतो का, फाइली सगळ्या परत उतरवता येतात का, आणि खातं कोणाच्या ईमेलवर आहे. ईमेल मालिकेच्या नावाने वेगळा काढला, पासवर्ड तिघांकडे.

७ जुलै

पहिल्या भागाचं संपादन. एक तास दहा मिनिटांतून बावीस मिनिटं.

आधी कागदावर कापलं. सगळं ऐकून वहीत मिनिटं आणि वाक्यं लिहिली, तीन रंगांत : ठेवायचं, बघू, नको. लॅपटॉपसमोर बसूनच कापायला लागलं की माणूस श्वास आणि "म्हंजे" काढत बसतो आणि दहा मिनिटांचा नको असलेला प्रसंग तसाच राहतो.

श्वास काढले नाहीत. काकाजींचे "म्हंजे" आणि "हव" काढले नाहीत. माझे मात्र काढले. भाच्याला एक अडखळणं खटकत होतं, वडिलांचं नाव घेताना काकाजी थांबतात ते. राहू दिलं.

एक प्रश्न राहिला. काकाजी काळीला "कायी" म्हणतात, पिवळीला "पिवयी". निवेदनात मैत्रीण "पिवळी" म्हणते. दोन्ही तसंच ठेवलं, ऐकणाऱ्याला कळतं.

१४ जुलै

आवाजाच्या पातळीचा दिवस. हा भाग मला सर्वांत अवघड वाटत होता आणि समजल्यावर सर्वांत सोपा निघाला.

फाइलचा सर्वांत उंच टोकाचा आवाज किती, यावरून ती किती मोठी ऐकू येईल ते ठरत नाही. एक टाळी शून्याला टेकली तरी बाकीचं बोलणं पुटपुटल्यासारखं असू शकतं. कानाला सरासरीने किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक एलयूएफएस. अॅपलची शिफारस उणे १६ एलयूएफएस, एक इकडेतिकडे चालतं, आणि टोक उणे १ डेसिबलच्या वर नको. आमची पहिली फाइल उणे २४ होती. आईने फोनचा आवाज पूर्ण वाढवला तरी कुकरने ती गिळली, यात नवल नाही.

आमचा क्रम आता ठरला. आधी ८० हर्ट्झखालचं कापणं, मग लागलीच तर हलकी सफाई, मग कंप्रेसर (मोठ्या आणि बारीक आवाजातलं अंतर कमी करणारा), तीनास एक एवढाच, म्हणजे काकाजींची वाक्यांची शेवटं वर येतात आणि हसणं डोक्यात बसत नाही. सगळ्यात शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, उणे १६. मोनो फाइलला दुहेरी मोनो समजण्याची खूण ऑडॅसिटीत असते, ती राहू द्यायची. काढली तर ३ डेसिबलचा फरक पडतो. माणसामाणसांतला फरक मात्र यंत्र मिटवत नाही. तो आधी हाताने, एकेक आवाज ऐकून जुळवला.

फाइल मोनो, ९६ किलोबिटची एमपी३. बावीस मिनिटं साधारण १६ एमबी. नुसत्या बोलण्याला स्टिरिओ कशाला, एका कानात इयरफोन घालून बसमध्ये ऐकणाऱ्याचा दुसरा माणूस हरवतो.

ओट्यापाशी चाचणी. आईने पोळी उलटवता उलटवता काकाजींना उत्तर दिलं, "हो, तेव्हा तसंच होतं." पास.

२१ जुलै

झड लागली आहे. टिनावरचा पाऊस बैठकीला घातक, म्हणून काकाजींची दुसरी बैठक पुढे ढकलली. पण त्याच टिनावरचा पाऊस वेगळा दहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेवला.

संगीताचा निर्णय आजच. "तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं" असं बरेच जण सांगतात. तशी कोणतीही तीस सेकंदांची सूट १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, आणि चाल, शब्द यांचे हक्क वेगळे. बँडवाल्यांनी वाजवलेली फिल्मी चाल आपण स्वतः रेकॉर्ड केली तरी चाल आपली होत नाही. म्हणून मिरवणुकीतून फक्त ढोल-ताशा घ्यायचा, वाजवणाऱ्यांना विचारून. सुरुवातीला बांबूचा आवाज आहेच. त्याहून चांगलं संगीत मला हवंही नाही.

४ ऑगस्ट

मुखचित्र झालं. ३००० बाय ३००० पिक्सेल (१४०० पेक्षा कमी अॅपल घेत नाही). पहिल्या चित्रातलं अक्षर नाजूक, सुंदर, आणि फोनवर नखाएवढं झाल्यावर वेलांट्या-मात्रा गायब. जाड अक्षरात, तीनच शब्दांत पुन्हा केलं.

भागाच्या नावात आधी विषय, मग क्रमांक. "भाग १ : …" असं सुरू केलं की फोनच्या पडद्यावर महत्त्वाचं तेच कापलं जातं. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत मारबत, बडगे, तान्हा पोळा, नागपूर हे शब्द यायलाच हवेत, लोक तेच शोधतात. "या भागात आम्ही संवाद साधला आहे" हे काढलं.

लिखित रूप देतोय. अॅपलने मार्च २०२४ पासून आपोआप लिखाण द्यायला सुरुवात केली, पण सुरुवातीला इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या चारच भाषांत. मराठी आपल्यालाच लिहावं लागेल. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हे हवंच. मी काकाजींचं बोलणं जसंच्या तसं, "पिवयी"सकट लिहिलं.

१८ ऑगस्ट

दीड मिनिटाची झलक सोडली. पॉडकास्टचं अॅप आमच्या ओळखीच्या फार थोड्या लोकांकडे आहे, म्हणून व्हॉट्सअॅपवर मिनिटाचा एकच तुकडा (खांद्यावरचा प्रसंग), खाली दुवा. नुसता दुवा पाठवला तर कोणी उघडत नाही. आवाज आधी, दुवा नंतर. दुवाही एकच, जिथून यूट्यूब, स्पॉटिफाय, अॅपल सगळीकडे जाता येतं.

तर्री पोह्याच्या ठेल्यावर क्यूआर कोडची चिठ्ठी लावायची परवानगी मिळाली. सकाळी गर्दी असते, पण उभ्याने खाणाऱ्याचा एक हात मोकळा असतो. वाचनालयात रविवारी सगळ्यांनी मिळून ऐकायचं, असंही ठरलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

मारबत.

सकाळपासून इतवारी भागात. भाच्याने रेकॉर्डर काठीला बांधून डोक्यावर धरला, माइकवर केसाळ कापडाची टोपी. वाऱ्याला फोम पुरत नाही. पातळी घरच्या बैठकीपेक्षा २० डेसिबलने खाली. तरी ताशा अंगावर आला तेव्हा काटा उणे ३ वर. दुसऱ्या ट्रॅकवर तोच आवाज आणखी १२ डेसिबल खाली घेत होतो, तो इथे कामाला आला.

गर्दीचा आवाज घेताना एका जागी दोन मिनिटं तरी हलायचं नाही, असं ठरवलं होतं. चालत घेतलेला आवाज नंतर कशाशीच जुळत नाही. म्हणून नेहरू पुतळ्याजवळ भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. आधी लांबून ढोल, मग आरोळी जवळ येत गेली, "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!", मग ती आमच्या डोक्यावरून गेली, आणि मागे एक लहान पोरगी एकटीच ओरडत राहिली, "घेऊन जा गे!" हेडफोनमध्ये तिचाच आवाज सर्वांत जवळ होता. डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी आधी तीन प्रती, मग आंघोळ.

६ सप्टेंबर

पहिला भाग सकाळी सहाला लागला. उद्या गणपती, मूर्तिकारांच्या चितार ओळीत पाय ठेवायला जागा नाही, तरी आम्ही काकाजींकडे गेलो. त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच अंगणात ऐकवला. बांबू फाटला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. वडिलांच्या प्रसंगाला नातवाला म्हणाले, "पुन्हा लाव." तीनदा लावला.

मग नातवाने फोनवर लिखित रूप वाचून दाखवलं. काकाजी थांबवून म्हणाले, "पोरी, हे पिवयी काहून लेहलं?"

"तुम्ही बोलले तसंच लिहिलं जी."

"बोलतो मी तसाच. आयकाले तेच राहू दे. पन लेहाचं तं शायेतलं लेह. माह्या नातवाचे मास्तर वाचतीन."

रात्री बसून लिखित रूपातलं त्यांचं सगळं बोलणं बदललं आणि नवी फाइल चढवली. ऑडिओला हात लावला नाही. दुसऱ्या भागातल्या आजींना लिहिण्याआधीच विचारायचं आहे.